माई, ममता आणि आठ वर्षांची अट

मारझोडीला कंटाळून बाई घर सोडते, तेव्हा तिच्या लेकराचं काय होतं? आजचा भाग त्यावर.

मी यवतमाळचा. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, पिंपरी मेघे इथे, १४ नोव्हेंबर १९४८ रोजी सिंधुताई सपकाळ जन्मल्या. पन्नासेक वर्षांपूर्वी नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं, तेव्हा दिवस भरलेले होते. गोठ्यातच ममता जन्मली. बाळाला घेऊन त्या माहेरी गेल्या, तर सख्ख्या आईनेही दार उघडलं नाही. मग रेल्वे स्टेशनवर गाणी म्हणून भीक मागणं सुरू झालं.

पुढे माईंनी अनाथ मुलं सांभाळायला घेतली. पोटच्या पोरीकडे झुकतं माप जाऊ नये म्हणून ममताला पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टकडे सोपवलं. हजारोंची माय ती झाली, हे आपण कौतुकाने सांगतो. पण स्वतःची लेक मात्र आईपासून दूर वाढली, हे पटकन विसरतो. ममताताईंनी नंतर आईचंच काम पुढे नेलं, ही त्यांची मोठी गोष्ट.

माईंच्या वेळी कायदा काय देत होता? फारसं काही नाही. १९८३ मध्ये कलम ४९८अ आलं. त्यात नवऱ्याला शिक्षा होती, पण रात्री झोपायचं कुठे, याचं उत्तर नव्हतं. ते २००५ च्या कायद्याने दिलं. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी बाईला तिथे राहायचा हक्क आहे. कोर्ट मारणाऱ्यालाच बाहेर जायला सांगू शकतं, आणि मुलांचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतं.

२०१५ पासून ‘सखी’ केंद्रं आली. तात्पुरता निवारा, तोही जास्तीत जास्त पाच दिवस. सुरुवातीच्या नियमांत मुली कुठल्याही वयाच्या चालत, मुलगे फक्त आठ वर्षांपर्यंत. आता विचार करा, नववीतला पोरगा आईला वाचवायला मध्ये पडतो, मार खातो, आणि निवाऱ्याच्या दारात त्यालाच थांबवतात. अशा वेळी कितीतरी आया तिथूनच मागे फिरणार. पोरगा मग आईवरच चिडतो, ‘तू निघालीच का नाहीस?’

म्हणून मला वाटतं, घरातच राहण्याचा आदेश हा या कायद्यातला सगळ्यात मोलाचा भाग आहे. पोराची शाळा सुटत नाही, मित्र सुटत नाहीत, आईही सुटत नाही. माईंना हे मिळालं असतं तर?

कुणाला गरज असेल तर महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. नंबर शेअर करा. भेटू पुढच्या भागात!