जुने नाणे, नवा गल्ला

दिवाळीला आमच्या सिल्लोडच्या घरी नातवंडे जमली की पहिल्या दोन दिवसांत चिवड्याचा डबा रिकामा होतो आणि तिसऱ्या दिवशी भांडण सुरू होते. यंदाचे भांडण मात्र कान देऊन ऐकण्यासारखे होते. थोरल्या नातवाने वर्षभर खाऊचे आणि वाढदिवसाचे पैसे साठवून व्हिडिओ गेमसाठी दोन कंट्रोलर घेतले आहेत. कंट्रोलर म्हणजे दोन्ही हातांत धरायची ती बटणांची मूठ. आता त्याच्या चुलतभावाचे म्हणणे असे की, सर्वांनी वर्गणी काढून नवे यंत्र आणावे. थोरल्याचा प्रश्न एकच : "माझे जुने कंट्रोलर त्याला चालणार का? चालणार नसतील तर माझी वर्गणी नाही." धाकट्याचे उत्तर : "नवे यंत्र म्हटले की सगळे नवेच हवे!" मी जन्मभर इतिहास शिकवला, या अपराधाबद्दल निवाडा माझ्याकडे आला.

मला या खेळांतले ओ की ठो कळत नाही. परंतु दोन दिवस मुलांच्याच मदतीने वाचून पाहिले, तेव्हा ध्यानात आले की हा तंटा त्यांच्या जन्माच्या फार आधीचा आहे. १९७७ साली अमेरिकेतल्या अटारी कंपनीने जे यंत्र काढले त्याच्या दांड्याच्या टोकाला नऊ छिद्रांची खुंटी होती. ती खुंटी इतकी साधी होती की पुढे १९८२ च्या कमोडोर ६४ या संगणकालाही अटारीचा दांडा खुशाल लागे. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ साली आपले यंत्र काढले तेव्हा कंट्रोलर यंत्रालाच कायमचे जोडून टाकले. म्हणजे बदलाबदलीचा प्रश्नच नको! मग आली नकली यंत्रे. त्यांपैकी कित्येकांना खुंटी अटारीच्या घडणीची, पण आतल्या तारांची जुळणी निन्टेन्डोच्या रीतीची. अटारीचा दांडा तिथे बसायचा झोकात, पण यंत्राला त्याची भाषा कळायची नाही.

आणि २०२० च्या नोव्हेंबरात दोन बड्या कंपन्यांनी एकाच महिन्यात नवी यंत्रे बाजारात आणली, तेव्हा त्यांनी दोन निरनिराळ्या वाटा धरल्या. मायक्रोसॉफ्टने सांगितले, मागच्या पिढीचा कंट्रोलर नव्या यंत्रावर नव्या खेळांनाही चालेल. सोनीने सांगितले, मागचा कंट्रोलर मागच्या पिढीचे खेळ खेळायला चालेल, नव्या खेळांना नव्या यंत्राचाच हवा. कारण नव्या मुठीत बोटांना कमीजास्त ताण देणारी कळ आहे, तिचा अनुभव खेळणाराला मिळायला हवा.

खुंटी बसते पण भाषा जुळत नाही, हे वाचले मात्र आणि मला एकदम माझे आजोबा आठवले. त्यांच्या कमरेला दोन कसे असत.

आजच्या मुलांना सांगून खरे वाटत नाही, पण १९४८ पर्यंत आमचे सिल्लोड निजामाच्या मुलुखात होते आणि निजामाचे नाणे वेगळे होते. त्याला हाली सिक्का म्हणत. रुपयावर चारमिनारचे चित्र. अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूर मागे टाकले की खानदेश लागे, आणि तिथे इंग्रजांचा कलदार रुपया. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. गंमत अशी की दोघांचेही नाव रुपया, दोघांचेही सोळा आणे, आण्याच्या दोघांकडेही बारा पै. मोल मात्र निराळे! हिशेबाला सात हालीचे सहा कलदार धरत. म्हणजे एका कलदाराचे हाली अठरा आणे आठ पै होत, इथवर ठीक. पण एका हालीचे कलदार करायला बसले की तेरा आणे आठ पै आणि वर एका पैचे चार सप्तमांश! हे चार सप्तमांश कोणाच्या खिशात जात असतील, ते वाचकांना सांगायला नको. सराफाकडे पाटी असे, शेतकऱ्याकडे नसे. आजोबा जळगावला मिरची घेऊन जात तेव्हा एका कशात हाली आणि दुसऱ्यात कलदार ठेवीत, आणि घाट चढताना कसे बदलत. आजी म्हणे, "यांचा एक कसा नेहमी दुसऱ्यापेक्षा हलका." नाव एक, रूप जवळचे आणि आतली जुळणी वेगळी, असा तो प्रकार होता. परका दांडा यंत्राने निदान स्वच्छ नाकारला तरी असता; नाणे मात्र नाकारले जात नसे, नुसते झिजत असे.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. १९५० पासून भारतीय रुपया हालीच्या जोडीने चालू लागला आणि त्या दशकातच टप्प्याटप्प्याने हालीला निरोप मिळाला. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्यच मोडले व मराठवाडा मुंबई राज्यात आला. एवढे होऊन लोकांना भारतीय रुपयाचा सराव होतो न होतो तोच, १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला. माझे वय तेव्हा बारा.

हा नवा पैसा ज्यांनी योजला त्यांचे मला आजही कौतुक वाटते. त्यांनी रुपयाला हात लावला नाही. त्याचे सोळा आण्यांऐवजी शंभर पैसे केले. पण शंभराला चाराने नि:शेष भाग जातो, म्हणून जुनी पावली नव्या पंचवीस पैशांच्या जागी जशीच्या तशी बसली आणि अधेली पन्नासच्या जागी. काही वर्षे जुनी व नवी नाणी शेजारी शेजारी चालली. ज्याच्या मडक्यात अधेल्या होत्या त्याला काही करावे लागले नाही. अडचण झाली ती लहान नाण्यांची. आण्याचे होतात सव्वासहा पैसे, आणि सव्वा पैशाचे नाणे नाही. सरकारी कोष्टकात एक आणा म्हणजे ६ पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे १९, चार आणे २५. आमच्या गल्लीतल्या दुकानदाराने कोष्टक नीट वाचले नसावे, किंवा फार नीट वाचले असावे. तो आण्याच्या शेवेचे सरळ ७ पैसे घेई. मी त्याला एकदा म्हटले, "काका, चार पुड्यांचे तुम्ही २८ घेता, पावली दिली तर २५ च होतात." त्याने मला शेवेची चिमूट दिली आणि गप्प केले. बाराव्या वर्षी मी लाच घेतली, ही त्याची कबुली.

आजीचे मात्र खरोखर नुकसान झाले, आणि त्या नुकसानीची नोंद कोणत्याही कोष्टकात नाही. तिला मोतीबिंदू होता. ती नाणी बोटांनी ओळखे. आणा कंगोऱ्यांच्या कडेचा, चवली चौकोनी, हे तिच्या हाताला पाठ. नव्या नाण्यांत कंगोऱ्यांचे झाले दहा पैसे आणि चौकोनी झाले पाच. आजी भाजीवालीला आणा म्हणून दहा पैसे देई, आणि कोणी चवली म्हणून पाच पैसे हातावर ठेवले तर ते मुकाट्याने पदरात बांधी. नंतर समजले तेव्हा ती चिडली नाही. एवढेच म्हणाली, "डोळे गेले तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता बोटंही गेली."

हे मी नातवंडांना सांगितले तेव्हा थोरला एकदम म्हणाला, "आजोबा, अगदी हेच! कंट्रोलरकडे आम्ही बघतच नाही, अंगठ्यालाच सगळे माहीत असते." मला वाटते त्याचा तंटा पैशांपुरता नव्हताच.

धाकट्यावर अन्याय नको, म्हणून त्याचीही बाजू मांडतो. सगळीच जुनी वस्तू चालू ठेवावी असे मुळीच नाही. नव्या पैशापाठोपाठ १९५८ पासून किलो येऊ लागला. आमचा ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. किलोत आणि त्यात ६७ ग्रॅमचे अंतर. कुठलाच सांधा जुळत नाही. एका दुकानात दोन्ही वजने राहिली असती तर शेतकऱ्याकडून माल किलोने घेतला गेला असता आणि गिऱ्हाइकाला शेराने दिला गेला असता. तिथे मुदत घालून जुनी वजने बाजारातून काढली, हेच रास्त झाले. सोनीचे म्हणणे या जातीचे आहे की काय, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. नवी कळ लागणारा खेळ असेल तर असेलही. पण जिथे पळणे, उडी मारणे आणि चेंडू टोलवणे एवढेच आहे, तिथे जुना अंगठा का चालू नये, हे मला पटलेले नाही. शेजारच्या कंपनीने ते चालवून दाखवले आहेच.

पावलीचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. १९६४ च्या जूनपासून 'नवा पैसा' नुसता पैसा झाला. पंचवीस पैसे ३० जून २०११ ला व्यवहारातून गेले. आण्याची नाणी जाऊन कैक वर्षे लोटली, तरी तोवर बाजारात त्यांना लोक चार आणेच म्हणत होते.

निवाडा मी असा दिला : यंत्र घ्यायचे तर जुनी मूठ चालणारे घ्यावे, तसे घ्यायचे नसेल तर थोरल्याच्या दोन कंट्रोलरांची किंमत त्याच्या वर्गणीत धरावी. धाकट्याने विचारले, "कोणत्या भावाने?" मी म्हटले, सातास सहा. दोघेही कागद घेऊन हिशेबाला बसले आहेत, आणि सप्तमांशापाशी अडले आहेत.