व्हार्मिंट रायफल
व्हार्मिंट रायफल : शेती व कुरणे यांना उपद्रव देणाऱ्या लहान प्राण्यांची दुरून शिकार करण्यासाठी वापरण्यात येणारी, लहान अंतर्व्यासाची आणि अतिवेगवान गोळीची रायफल. ‘व्हार्मिंट’ हा ‘व्हर्मिन’ (उपद्रवी प्राणी) या इंग्रजी शब्दाचा बोलीतील अपभ्रंश असून तो मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ आहे. तेथील पूर्वेकडील कुरणांत बिळे करणारा वुडचक, पश्चिमेकडील मैदानांवरचा प्रेअरी डॉग आणि मेंढ्या-वासरांवर हल्ला करणारा कॉयोट हे प्राणी या संज्ञेत मोडतात. प्रेअरी डॉग हा नावाप्रमाणे कुत्रा नसून खारीच्या कुलातील कृंतक (कुरतडणारा) प्राणी आहे. बिळाच्या तोंडाशी उभ्या राहिलेल्या या प्राण्याची रुंदी सु. १० सेंमी. भरते. दोनशे ते चारशे मीटरांवरून एवढ्याशा लक्ष्याचा अचूक वेध कसा घ्यावा, हा या शिकारीतील मूळ प्रश्न होय. रायफलचा अंतर्व्यास कोणता असावा या वादाचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाच्या उत्तराचा शोध होय.

इतिहास : मोठ्या जनावरांच्या शिकारीत गोळीचे वजन व ती खोल शिरण्याची क्षमता महत्त्वाची असते. लहान प्राण्यांच्या बाबतीत तिची गरज नसते. उलट गोळीचा मार्ग शक्य तितका सपाट असावा लागतो, कारण अंतर अजमावण्यात थोडी चूक झाली, तरी सपाट मार्गाने जाणारी गोळी लक्ष्याच्या फारशी वर वा खाली जात नाही. हलकी गोळी अधिक वेगाने सोडणे हा त्याचा सरळ उपाय. काळ्या दारूच्या काळात तो साधण्यासारखा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूररहित दारू आली आणि वेग वाढविणे शक्य झाले. अमेरिकन अभिकल्पक चार्ल्स न्यूटन यांनी सॅव्हेज कंपनीसाठी तयार केलेले ‘२२ हाय पॉवर’ हे काडतूस १९१२ मध्ये, तर ‘२५०-३०००’ हे १९१५ मध्ये बाजारात आले. दुसऱ्या काडतुसाच्या नावातील ३००० हा आकडा गोळीचा मुखवेग (नळीतून बाहेर पडतानाचा वेग) दर सेकंदास ३,००० फूट, म्हणजे सु. ९१४ मीटर असल्याचे दर्शवितो.

पहिल्या महायुद्धानंतर स्प्रिंगफील्ड येथील शासकीय शस्त्रागारातील काही जाणकारांनी १८८५ मधील एका जुन्या काडतुसाच्या कवचावर प्रयोग केले. त्यांतून ‘२२ हॉर्नेट’ तयार झाले व १९३० मध्ये विंचेस्टर कंपनीने त्याचे उत्पादन सुरू केले. सु. २·९ ग्रॅ. वजनाच्या गोळीचे हे काडतूस दीडशे मीटरांपर्यंत अचूक होते. त्याचा आवाज बेताचा होता आणि त्याची नाजूक गोळी जमिनीवर आदळताच फुटून जाई. ती टप्पा खाऊन उसळण्याचा धोका कमी असे. घरे व गुरे जवळ असलेल्या पूर्वेकडील शेतीप्रदेशात हे गुण मोलाचे ठरले.

वेगाच्या ध्यासाचा कळस १९३५ मध्ये गाठला गेला. त्या वर्षी विंचेस्टरने आणलेल्या ‘२२० स्विफ्ट’ या काडतुसाच्या सु. ३·१ ग्रॅ. वजनाच्या गोळीचा मुखवेग सु. १,२५० मी./से. होता. तथापि लहान व्यासाच्या नळीतून एवढ्या दारूचे तप्त वायू जाऊ लागताच नळीचा आरंभीचा भाग झपाट्याने झिजू लागला आणि ‘नळी खाणारे काडतूस’ अशी त्याची अपकीर्ती झाली. प्रेअरी डॉगच्या शिकारीत थोड्या वेळात अनेक गोळ्या झाडल्या जात असल्याने हा दोष तेथे विशेष जाणवे. विंचेस्टरने १९६४ मध्ये या काडतुसाच्या रायफली बनविणे थांबविले. त्याआधी, १९५० मध्ये, रेमिंग्टन कंपनीच्या ‘२२२’ या काडतुसाने निराळी वाट दाखविली होती. त्याचा मुखवेग (सु. ९७५ मी./से.) स्विफ्टपेक्षा पुष्कळ कमी होता; पण दारू माफक, नळी टिकाऊ आणि अचूकता अशी की नेमबाजीच्या स्पर्धांतही ते दीर्घकाळ अग्रेसर राहिले. त्याच घराण्यातील ‘२२३’ हे काडतूस अमेरिकन सैन्याने ५·५६ मिमी. या नावाने स्वीकारल्यामुळे मुबलक व स्वस्त झाले. ‘२५०’ च्या कवचाची मान आवळून हौशी कारागिरांनी बनविलेल्या ‘२२-२५०’ या काडतुसाला रेमिंग्टनने १९६५ मध्ये प्रमाणित रूप दिले. वेग व नळीचे आयुष्य यांचा मध्य साधल्यामुळे ते दूर पल्ल्यासाठी लोकप्रिय झाले.

वारा आणि पीळ : अंतराची चूक वेगाने झाकता येते, वाऱ्याची तितकीशी नाही. आडव्या वाऱ्यामुळे गोळीचे होणारे विचलन तिच्या एकूण प्रवासकालावर अवलंबून नसते. हवेच्या रोधामुळे तिला जो जादा वेळ लागतो, त्यावर ते अवलंबून असते. हा विलंब ०·१ सेकंद असेल व वारा ४ मी./से. वेगाने आडवा वाहत असेल, तर गोळी ४० सेंमी. बाजूस जाते, म्हणजेच प्रेअरी डॉगच्या रुंदीच्या चौपट चुकते. लांब, निमुळती व व्यासाच्या मानाने जड गोळी हवा अधिक सहजतेने कापते व तिचा विलंब कमी असतो. मात्र गोळी जितकी लांब तितकी ती स्थिर राहण्यासाठी जलद फिरावी लागते, म्हणजेच नळीतील सर्पिल खाचांचा पीळ अधिक दाट हवा. पिळाचे हे गणित ब्रिटिश गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये मांडले होते.

त्याचे व्यावहारिक महत्त्व १९५५ मध्ये दिसून आले. त्या वर्षी जवळजवळ समान क्षमतेची दोन ६ मिमी. काडतुसे बाजारात आली. रेमिंग्टनने आपले ‘२४४’ लहान प्राण्यांसाठीच आहे असे मानून नळीला १२ इंचांत एक फेरा असा विरळ पीळ दिला. विंचेस्टरने ‘२४३’ साठी १० इंचांत एक फेरा ठेवला; त्यामुळे तीच रायफल अधिक लांब गोळी वापरून हरणासाठीही चाले. ग्राहकांनी ‘२४३’ पसंत केले. रेमिंग्टनने पुढे पीळ ९ इंचांवर आणला व १९६३ मध्ये त्याच काडतुसाला ‘६ मिमी. रेमिंग्टन’ हे नाव दिले. पण गेलेली बाजारपेठ परत मिळाली नाही. काडतूस चांगले असूनही केवळ पिळामुळे ते मागे पडले. नळीच्या व्यासावरून रायफलची योग्यता ठरत नाही, हा या घटनेचा धडा होय. १९७१ मधील ‘१७ रेमिंग्टन’ व २००४ मधील ‘२०४ रूगर’ या अतिलहान व्यासाच्या काडतुसांनी वेग पुन्हा १,२०० मी./से. च्या पलीकडे नेला. मात्र त्यांच्या हलक्या गोळ्यांवर वाऱ्याचा परिणाम लवकर होतो. १९९० नंतर लेसर अंतरमापक सर्वसामान्य शिकाऱ्याच्या हाती आले. त्यामुळे अंतर अजमावण्याची अडचण मिटून सपाट मार्गाचे महत्त्व घटले आणि दाट पिळाच्या नळीतून लांब गोळी सोडण्याकडे कल वाढला.

परिणाम : विसाव्या शतकात विषप्रयोग, नांगरट व प्लेग यांमुळे प्रेअरी डॉगच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या. त्यांच्यावरच जगणारे काळ्या पायांचे फेरेट नामशेष झाले असे समजले जात होते. १९८१ मध्ये वायोमिंग राज्यातील मीटीत्सी गावाजवळ त्यांची एक वसाहत आढळली. जो प्राणी शेतकऱ्याला उपद्रवी, तोच मैदानी जीवसृष्टीचा आधार आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले. फुटणाऱ्या गोळीचे शिशाचे कण मेलेल्या प्राण्यांत राहतात व ते प्राणी खाणाऱ्या गरुडादी पक्ष्यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी केली. पर्यायी तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची गोळी अधिक लांब होते आणि तिला अधिक दाट पीळ लागतो. अशा रीतीने १९५५ मधील प्रश्न नव्या कारणाने पुन्हा उभा राहिला आहे. गोळी, पीळ, वारा, नळीचे आयुष्य आणि गोळी जेथे पडणार ती जमीन यांचा विचार आधी करावा लागतो. व्यासाची निवड त्यानंतरची होय.