फुप्फुसरोपण : कौशल्य आणि न्याय

शस्त्रवैद्यकाचा इतिहास बहुधा शस्त्रवैद्यांच्या हस्तकौशल्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. फुप्फुसरोपणाच्या बाबतींत मात्र तेवढ्यानें भागत नाहीं. एकाचें फुप्फुस दुसऱ्यास बसवावयाचें, तर बहुधा पहिल्याच्या मृत्यूची वाट पाहावी लागते. अशीं फुप्फुसें नेहमींच थोडीं आणि त्यांची निकड असलेले पुष्कळ. म्हणून ‘कसें बसवावें’ या प्रश्नाच्या पाठोपाठ ‘कोणास द्यावें’ हा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेनें त्याचें उत्तर कसकसें बदलीत नेलें, हें पाहणें उद्बोधक आहे.

हा प्रयोग मनुष्यावर प्रथम ता. ११ जून १९६३ रोजीं मिसिसिपी संस्थानांतील जॅक्सन येथें डॉ. जेम्स हार्डी यांनीं केला. रोगी जन्मठेपेचा कैदी होता. त्यास फुप्फुसाचा कर्करोग असून त्याचीं मूत्रपिंडेंही बिघडलेलीं होतीं. नवें फुप्फुस काम करूं लागलें, तथापि मूत्रपिंडांच्या विकारानें तो अठराव्या दिवशीं दगावला. बंदिवान माणसाची संमति कितपत स्वतंत्र मानावी, ही शंका मात्र मागें राहिली.

पुढील दोन दशकांत जगभर चाळीसेक प्रयोग झाले. बहुतेक रोगी थोड्याच दिवसांत वा आठवड्यांत गेले. बेल्जममधील गेंट येथील १९६८ सालचा एक रोगी तेवढा दहा महिने जगला. अपयशाचें मुख्य ठिकाण श्वासनलिकेचा सांधा हें होतें. नलिकेस पोसणारी बारीक रक्तवाहिनी जोडली जात नसे, म्हणून सांधा रक्तावांचून उसवे. आणि शरीरानें परकें इंद्रिय नाकारूं नये म्हणून दिलेलीं स्टेरॉइड औषधें जखम भरूं देत नसत. मातींतील एका बुरशीपासून काढलेलें सायक्लोस्पोरिन हातीं आल्यावर स्टेरॉइडांचा भार हलका झाला. कॅनडांतील टोरांटोचे डॉ. जोएल कूपर यांनीं पोटांतील रक्तवाहिन्यांनीं भरलेला मेदाचा पडदा त्या सांध्याभोंवतीं गुंडाळला. नोव्हेंबर १९८३ मधील त्यांचा रोगी सहा वर्षांहून अधिक जगला.

यश आलें आणि रांग लागली. अमेरिकेंत ज्याचें नांव आधीं नोंदलेलें त्यास फुप्फुस आधीं, असा सर्वसाधारण नियम होता. वरकरणीं याहून न्याय्य नियम कोणता असूं शकेल? परंतु रोग कांहीं रांग मानीत नाहीं. वातस्फीतीचा रोगी वर्षानुवर्षें तग धरी, तर फुप्फुस कठीण होत जाणारा रोगी कांहीं महिन्यांतच रांगेंत मरे. मे २००५ मध्यें हा नियम बदलला. रोपणावांचून रोगी वर्षभरांत किती काळ जगेल व रोपणानंतर किती, याचें गणित मांडून क्रम ठरूं लागला, आणि त्यांत निकडीस दुप्पट वजन मिळालें. रांगेंतील मृत्यु कमी झाले. अधिक वृद्ध व अधिक खंगलेल्या रोग्यांवर रोपणें होऊनही पहिल्या वर्षाचे निकाल ढासळले नाहींत. २००४ सालीं १,२०० च्या आंत असलेली रोपणांची संख्या २०२३ मध्यें ३,००० च्या वर गेली.

तरीही जेथें फुप्फुस मिळालें, त्या विभागांतील रोग्यास आधीं मान, हा भेद उरलाच होता. न्यूयॉर्कमधील एका तरुण रुग्णस्त्रीच्या दाव्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्यें ती हद्द जाऊन २५० सागरी मैलांचें वर्तुळ आलें. मार्च २०२३ मध्यें तेंही मोडून अंतर हा एकूण गुणांतील केवळ एक घटक उरला. त्याच वेळीं रोपणानंतरच्या एका वर्षाऐवजीं पांच वर्षांचा विचार होऊं लागला.

हा बदल मार्मिक आहे, कारण खरी खोट तेथेंच आहे. पहिलें वर्ष शंभरांतील सुमारें नव्वद रोगी पार करितात. पांच वर्षांनंतर साठाच्या आसपासच उरतात. हृदय वा मूत्रपिंड शरीरांत झांकलेलें असतें. फुप्फुसास प्रत्येक श्वासाबरोबर धूळ व जंतु यांना तोंड द्यावें लागतें. त्यांतच शरीराचा जुनाट विरोध सूक्ष्म श्वासनलिकांना हळूहळू बुजवीत नेतो. त्यावर खात्रीचा उपाय अद्याप सांपडलेला नाहीं.

तो सांपडेपर्यंत एकास पुढें घेणें म्हणजे दुसऱ्यास मागें सारणें, हें अटळ आहे. म्हणूनच असा नियम उघड, लेखी आणि दुरुस्त होण्याजोगा असावा. अमेरिकेच्या फुप्फुसरोपणाच्या इतिहासांत कित्येक प्राण शस्त्रानें वांचविले, तसे कित्येक या दुरुस्तीनेंही वांचविले आहेत.