वाफसा सोडून मुंबईला

पाय आधी चिखलात जाऊ द्या. 1977 चा जुलै, जालन्याजवळचं एक खेडं. चार दिवस पाऊस लागून होता, काल उघडला आणि आज काळ्या रानाला वाफसा आलाय. मूठभर माती उचला. दाबली की गोळा होतो, सोडली की फुटतो. पेरणीला याहून चांगला दिवस वर्षात मिळत नाही. शेजारच्या रानात तिफण चालली आहे, चाड्यातून ज्वारी सुटते आहे, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा इथवर ऐकू येतात. तुमची तिफण मात्र गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे, कारण परवा तुमची मुंबईला पेशी आहे.

तुम्ही कूळ आहात. हैदराबाद राज्याच्या 1950 च्या कूळकायद्यानं तुमचे वडील संरक्षित कूळ ठरले होते. मालकानं ते मानलं नाही. तहसील झाली, डेप्युटी कलेक्टर झाले, महसूल न्यायाधिकरण झालं. वडील गेले आणि वारस म्हणून प्रकरण तुमच्या खांद्यावर आलं. आता वर एकच पायरी उरली आहे, उच्च न्यायालयाची, आणि ते आहे सव्वाचारशे किलोमीटरच्याही पलीकडे, अरबी समुद्राच्या काठी.

घरात दोन पोती ज्वारी होती, ती मोंढ्यात गेली. त्या पैशांत तिकीट बसवायचं, वकिलाची फी बसवायची, दोन रात्रींचं खाणं बसवायचं. कारभारीण फडक्यात दशम्या बांधते, वर लसणाची चटणी आणि एक कांदा. कागद दुसऱ्या फडक्यात, त्यावर खताच्या पिशवीचं प्लास्टिक. पाऊस कुणाची पेशी बघून थांबत नाही.

जालना स्टेशनवर संध्याकाळपासूनच माणसं पथाऱ्या टाकून बसली आहेत. ही छोटी लाईन. गाडी धापा टाकत येते आणि कोळशाचा धूर फलाटभर पसरतो. जनरलच्या डब्यात दारातून शिरायला जागाच नाही, म्हणून कुणीतरी तुमचं गाठोडं खिडकीतून आत ओढून घेतं आणि मागोमाग तुम्हालाही. आत बिडीचा वास, ओल्या घोंगड्यांचा वास, कुणाच्या तरी टोपलीतल्या कोंबड्यांचा वास. खिडकीतून बाहेर डोकवाल तर कोळशाचा कण डोळ्यात जाईल. तेव्हा डोकवू नका.

"पाव्हणं, सरका की जरा. कुठवर?"

"मुंबईला. पेशी हाय."

विचारणारा नांदेडकडचा आहे. आदल्या रात्रीपासून प्रवासात आहे. तो मांडीवरची पिशवी उघडून दाखवतो, तर तिच्यातही कागदच. समोरच्या बाकावरच्या बाई परभणीकडच्या. दिराशी वाटणीचा वाद आहे आणि सोबतीला म्हणून पोराची शाळा बुडवून त्याला आणलंय. एका डब्यात तीन पक्षकार, आणि तिघांचाही वाफसा मागं राहिलेला.

मध्यरात्री मनमाड. इथं छोटी लाईन संपते आणि बडी लाईन सुरू होते, म्हणून सगळा डबा गाठोड्यांसकट पुलावर चढतो. पावसानं पायऱ्या निसरड्या झाल्या आहेत. पुढं हमाल ओरडतोय, मागं कुणाचं तरी पोर रडतंय, खाली चहावाल्याच्या शेगडीचा लाल उजेड. मुंबईची गाडी आधीच भरून आली आहे. शौचालयाच्या दाराशी उकिडवं बसायची जागा मिळते, ती धरून ठेवा. नाशिक येईल, इगतपुरीला इंजिन बदलेल, कसाऱ्याच्या घाटात गार झोत अंगावर येईल आणि उजाडता उजाडता तुमच्या लक्षात येईल की उजवा पाय बधिर झालाय.

व्ही.टी.ला उतरून चालतच निघा. टॅक्सीला पैसे नाहीत आणि बसची पाटी वाचेपर्यंत बस निघून जाते. हुतात्मा चौकावरून पुढं गेलात की ती काळपट दगडाची इमारत दिसते. उंच कमानी, निमुळते मनोरे, वर न्याय आणि दया यांचे पुतळे. एका खांबावर दगडात माकड कोरलंय, हातात तराजू आणि एका डोळ्यावर पट्टी. पाऊस धो धो कोसळतोय. व्हरांड्यात ओल्या काळ्या कोटांचा आणि जुन्या कागदांचा दमट वास भरून राहिला आहे.

खरं तर उच्च न्यायालयात पक्षकारानं हजर असायलाच हवं असं नाही. वकील उभा राहतो आणि काम चालतं. पण तुम्ही आला नसता तर तुमचं म्हणणं वकिलाला सांगितलं कुणी असतं? त्यांना तुम्ही एकदाच भेटला आहात, तेही जालन्याच्या वकिलांची चिठ्ठी घेऊन. आज त्यांना कोर्टाच्या जिन्यावर पाच मिनिटं मिळतात. तुम्ही फडकं सोडता आणि वडिलांच्या वेळची पावती पुढं करता. ती उर्दूत आहे. निजामाच्या राज्यात महसुलाचं लिहिणं उर्दूतच चाले. वकील कागद उजेडाकडं धरतात, उलटा करून बघतात, परत देतात. याचं भाषांतर करून आणा, म्हणतात. माणूस सज्जन आहे. त्यांनी आयुष्यात खासरा पाहणी, म्हणजे रान कोण कसतं याची सरकारी नोंद, पाहिलेली नाही, यात त्यांचा काय दोष?

मग बोर्ड. टंकलेली लांबलचक यादी, त्यात तुमचा नंबर तळाशी. मागच्या बाकावर बसा. पंखा करकरतो, इंग्रजी वाक्यांमागून इंग्रजी वाक्यं डोक्यावरून जातात, आणि तुम्ही न्यायमूर्तींच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत राहता. दुपारी बाहेर वडापाव. मग पुन्हा तोच बाक. पाचच्या सुमारास न्यायमूर्ती उठतात. तुमचा पुकारा झालेलाच नाही. पुढची तारीख वकील कळवतील.

कुणी तुमच्यावर ओरडलं नाही, कुणी लाच मागितली नाही. सगळं नियमानं झालं. तरीही दोन पोती ज्वारी, तीन दिवस आणि एक वाफसा गेला, आणि निकाल एक पाऊलभरही पुढं सरकला नाही. मालकाला हे पक्कं ठाऊक आहे. त्याला खटला जिंकायची घाई नाही. तुम्ही थकून घरी बसलात की त्याचं काम झालं.

आता पुढच्या हिवाळ्यात या, औरंगाबादला.

टांगा शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी सोडतो. थंडी आहे, उन्हाला तूप लावल्यासारखी चकाकी आहे. बोळात एका जुन्या घराच्या ओसरीवर म्हातारे मुन्शी बसतात. कधीकाळी अदालतीत कारकून होते, आता उर्दू कागद वाचून देतात. तुमची पावती ते हातात घेत नाहीत, आधी गुडघ्यावर स्वच्छ रुमाल पसरतात आणि कागद त्यावर ठेवतात. कडा कसरीनं खाल्ल्या आहेत. मधली घडी इतक्या वेळा उघडली आहे की तिथं कागदाचं जाळं झालंय. निळसर शिक्का अर्धा पुसलेला. मुन्शी चष्मा कपाळावर सरकवतात, नाक कागदाला लावतात आणि बोट उजवीकडून डावीकडं हळूहळू सरकवत नेतात. बोट थांबतं.

"ये देखो, तुम्हारे वालिद का नाम."

तुम्हाला उर्दूचं एक अक्षर येत नाही. तरी त्या वळणदार रेषेकडं तुम्ही बघत राहता. वडिलांनी ते रान कसलं होतं, लगान भरला होता, आणि ते ज्याला वाचता येतं असा माणूस इथं आहे, या शहरात. मुंबईत नव्हता.

संध्याकाळी गुलमंडीवर गर्दी असते. कढईत इमरती तळली जातेय, अत्तरवाल्याच्या पेटीतून हिन्याचा वास येतोय, सायकलरिक्षांच्या घंट्या वाजताहेत. कोपऱ्यावरच्या हॉटेलात 'मराठवाडा' दैनिकाच्या एका अंकाभोवती पाच जण बसले आहेत. एक मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे मध्येच वाद घालतात. अनंत भालेरावांनी घडवलेला हा पेपर, इथं तो असाच वाचला जातो. बातमी आहे सभेची. मराठवाडा जनता विकास परिषद. तुम्हीही त्यांच्याबरोबर निघा.

सतरंजीवर दाटीवाटीनं बसा. शेजारी तालुक्याचे वकील आहेत, शिक्षक आहेत, मोंढ्यातले अडते आहेत, धोतरातले शेतकरी आहेत. व्यासपीठावर खादीतला एक शिडशिडीत माणूस. गोविंदभाई श्रॉफ. स्वामी रामानंद तीर्थांबरोबर निजामाविरुद्ध लढलेले, मूळचे गणिताचे विद्यार्थी. मागण्या मांडल्या जातात. रेल्वेचं रुंदीकरण करा, पाणी द्या, आणि उच्च न्यायालयाचं खंडपीठ औरंगाबादला द्या. नागपूरला ते 1956 पासून आहे. मराठवाड्याचे दावे पूर्वी हैदराबादला जात, मुंबई राज्यात आल्यापासून मुंबईला जाऊ लागले. राज्य बदललं, पण न्याय जितका लांब होता तितकाच राहिला.

आजवर तुम्हाला वाटत होतं, हे तुमचं नशीब. जमीन आडवी निघाली, मालक वाकडा निघाला, गाडीत जागा मिळाली नाही. आता शेजारचा माणूस मान हलवतोय, त्याच्या शेजारचाही हलवतोय. प्रत्येकाच्या पिशवीत तसेच कागद आहेत. जे तुम्ही मनमाडच्या पुलावर एकटे सोसत होता, ते इथं मागणी म्हणून उच्चारलं जातंय. कागद फिरतो. सही करा. येत नसेल तर अंगठा. शाईचा पॅड थंड आहे, आणि अंगठ्यावरचा निळा डाग दोन दिवस जाणार नाही.

अशाच ठरावांनी, शिष्टमंडळांनी, अर्जांनी वर्षं जातात. 1978 साली विधानसभा ठराव करते की औरंगाबाद आणि पुणे इथं खंडपीठं व्हावीत. वकील चिकाटी सोडत नाहीत, परिषद सोडत नाही, पेपर सोडत नाही. आणि मग येतो 27 ऑगस्ट 1981, गुरुवार.

पोळा दोन दिवसांवर आहे. बाजारात बेगड, गोंडे, शिंगांचा रंग मांडलाय आणि तुम्ही बैलांची वेसण घ्यायला म्हणून औरंगाबादला आला आहात. पण पाय आपोआप कोर्टाकडं वळतात. श्रावणातली सर नुकतीच येऊन गेली आहे. काळे डगले इकडून तिकडं धावताहेत, कुणी कुणाला पेढा भरवतंय. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या आदेशानं उच्च न्यायालय आजपासून इथं बसणार आहे. आत जायला मिळत नाही म्हणून तुम्ही फाटकापाशीच उभे राहता. शेजारी एक म्हातारा आहे, त्याच्याही काखेत फडक्यात बांधलेले कागद. आज त्याचं काही काम नाही. नुसतं बघायला आलोय, म्हणतो.

लगेच सगळं सुरळीत होत नाही. आदेशाला आव्हान दिलं जातं, डिसेंबरात मुंबईला तो रद्द ठरतो. गावात पुन्हा काळजी. पण 1982 साली सर्वोच्च न्यायालय खंडपीठाच्या बाजूनं निर्णय देतं आणि 27 ऑगस्ट 1984 ला राष्ट्रपतींच्या आदेशानं ते कायम होतं.

आता एकच दिवस आणखी जगून घ्या. 1983 ची जानेवारी. पहाटे जालन्याहून एस.टी.चा लाल डबा पकडा. खिडकीच्या काचा खडखडताहेत, बाहेर कणसं भरली आहेत, पिशवीत वकिलांसाठी हुरडा आहे. साठेक किलोमीटर, दोनेक तासांचा रस्ता. दहाच्या आत तुम्ही कोर्टात. वकील याच मातीतले. खासरा पाहणी म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागत नाही, आणि भाषांतरात एक शब्द अडला तर मुन्शींचं घर टांग्याच्या अंतरावर आहे. मागच्या बाकावर बसा. इंग्रजी तेच आहे, पंखाही तसाच करकरतो.

दुपारी तुमचा पुकारा होतो. दोन्ही बाजू थोडं बोलतात. आणि पुढची तारीख पडते.

थांबा, निराश होऊ नका. बाहेर या आणि स्वतःकडं नीट बघा. तुमचा पाय बधिर झालेला नाही. घरातली ज्वारी घरातच आहे. संध्याकाळच्या गाडीनं तुम्ही परत जाल, रात्री धार काढाल, उद्या हरभऱ्याला पाणी द्याल. पुढच्या तारखेलाही याल, त्याच्या पुढच्याही. मालकाच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार आज बोथट झालंय, कारण आता तुम्हाला दमवता येत नाही. खटल्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, पण तो लागेपर्यंत तुम्ही लढतीत टिकाल, आणि परिषदेच्या सतरंजीवर बसलेल्या माणसांनी तुमच्यासाठी नेमकं हेच मिळवलंय.

या आता परत. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादात, जालना रोडवर खंडपीठाच्या फाटकासमोर रोज सकाळी एस.टी.तून, वडापमधून माणसं उतरतात. काखेतल्या फडक्याच्या जागी प्लास्टिकच्या फाइली आल्या आहेत. मराठवाड्याबरोबर नगर, जळगाव, धुळे इथलेही लोक इथंच येतात. कोल्हापूरकरांनी तशीच चार दशकं मागणी लावून धरली आणि 18 ऑगस्ट 2025 पासून तिथं सर्किट बेंच सुरू झालं. ज्या कलमाच्या आधारे 1981 साली औरंगाबादला न्यायालय बसलं, राज्य पुनर्रचना कायद्याच्या त्याच 51(3) कलमानं.

कायद्यात ही तरतूद 1956 पासूनच होती. तिचा उपयोग करून घ्यायला मात्र सह्या लागल्या, ठराव लागले, पंचवीस वर्षांची चिकाटी लागली. न्यायव्यवस्था सुधारायची म्हणजे मोठमोठ्या आयोगांचं काम, असं आपण समजतो. त्याची सुरुवात तुम्हाला उद्या करता येईल. तुमच्या तालुक्याच्या कोर्टात जा, कामकाज सगळ्यांसाठी खुलं असतं, मागच्या बाकावर जागा मिळेल. शेजारच्याला विचारा की घर किती वाजता सोडलं, येण्याजाण्यात काय खर्च झाला, आजवर किती तारखा झाल्या. उत्तरं वहीत लिहून घ्या, आणि अशी दहा पानं भरली की ती वकील संघापुढं, आमदारांपुढं, वर्तमानपत्रापुढं ठेवा. एकट्याची तक्रार ऐकून लोक सोडून देतात. शंभर जणांची नोंद समोर आली की तिला उत्तर द्यावंच लागतं.