तारास शेव्चेन्को : वाचनालयाच्या वाटेने भेटणारा युक्रेनचा राष्ट्रकवी

दरवर्षी ९ आणि १० मार्च या दोन दिवशी युक्रेनमधील शालेय आणि सार्वजनिक वाचनालये एकाच कवीच्या नावाने गजबजलेली असतात. ९ मार्च हा तारास शेव्चेन्को (१८१४–१८६१) यांचा जन्मदिवस आणि १० मार्च हा स्मृतिदिन. पुस्तकांची मांडणी, कवितांचे सामूहिक वाचन, चित्रस्पर्धा, प्रश्नमंजूषा असा या कार्यक्रमांचा ठरलेला घाट आहे. कॅनडा आणि अमेरिकेतील जुन्या युक्रेनियन वस्त्यांत ही प्रथा कित्येक दशके पाळली जाते. फेब्रुवारी २०२२ नंतर ती विस्थापित कुटुंबांसोबत युरोपभर पसरली. नेदरलँड्समध्ये आज एक लाखाहून अधिक युक्रेनियन तात्पुरत्या संरक्षणाखाली राहतात. त्यांची मुले डच मुलांबरोबर, आणि अ‍ॅम्स्टरडॅमच्या दक्षिणेस भारतीय मुलांबरोबरही, एकाच वर्गात बसतात.

बुइटनव्हेल्डर्ट हा अ‍ॅम्स्टरडॅमचा अ‍ॅम्स्टेलव्हेनला लागून असलेला भाग. झाउडआस येथील कचेऱ्यांत काम करणारी अनेक मराठी कुटुंबे याच पट्ट्यात स्थिरावली आहेत. शहराच्या सार्वजनिक वाचनालयाची, म्हणजे ओबीएची, एक शाखा येथे आहे आणि अठरा वर्षांखालील मुलांना सभासदत्व विनाशुल्क मिळते. वर्गातल्या युक्रेनियन मैत्रिणीने ‘आमचा कवी’ म्हणून ज्याचे नाव घेतले तो कोण, असा प्रश्न घरी आला, तर पालकांना उत्तर देता यावे आणि शिक्षकांना अथवा स्वयंसेवकांना एखादा कार्यक्रम आखता यावा, यासाठी ही ओळख.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. डच मुलांना ‘राष्ट्रकवी’ म्हटले की ‘डिख्टर देस फादरलांड्स’ हे पद आठवते. ते सन २००० मध्ये सुरू झाले, खेरिट कोम्राई हे त्याचे पहिले मानकरी, आणि ठरावीक मुदतीनंतर दुसरा कवी त्या जागी येतो. शेव्चेन्को यांची नेमणूक कोणी केली नाही. ज्या भाषेला साम्राज्य ‘बोली’ म्हणून हिणवत होते, तिच्यात प्रौढ काव्य लिहिता येते हे त्यांनी दाखवले. मराठी वाचकाने एकाच व्यक्तीत शाहीर, चित्रकार आणि बंदिवान अशा तिघांची कल्पना करावी, म्हणजे त्यांच्या स्थानाचा अंदाज येईल.

जन्म मोरिंत्सी गावी, भूदास कुटुंबात. भूदास म्हणजे जमिनीबरोबर मालकाच्या मालकीचा माणूस. आई १८२३ मध्ये गेली, वडील १८२५ मध्ये. अनाथ मुलगा चर्चमधल्या पंतोजीकडे पाणी भरून अक्षरे शिकला आणि मिळेल त्या भिंतीवर चित्रे काढू लागला. मालक पावेल एंगेलहार्ट यांनी त्याला घरगडी केले, सोबत पीटर्सबर्गला नेले आणि एका रंगाऱ्याकडे चार वर्षांच्या बोलीने कामाला ठेवले. तेथील समर गार्डनमध्ये पांढऱ्या रात्रींच्या उजेडात पुतळ्यांची रेखाटने करताना चित्रकार इव्हान सोशेन्को यांची आणि त्यांची भेट झाली. पुढे कार्ल ब्र्युलोव्ह यांनी कवी झुकोव्स्की यांचे व्यक्तिचित्र रंगवले, त्याची सोडत काढण्यात आली आणि जमलेल्या २,५०० रुबलांत १८३८ मध्ये तारासची सुटका विकत घेतली गेली. माणसाची किंमत एका चित्राने चुकती झाली, ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलालाही समजावून सांगावी लागत नाही.

दोनच वर्षांत, १८४० मध्ये, ‘कोबझार’ प्रसिद्ध झाला. कोबझार म्हणजे कोबझा हे तंतुवाद्य वाजवत गावोगाव फिरणारा, बहुधा अंध, गायक. संग्रहात कविता केवळ आठ. मुखपृष्ठाच्या आतील बाजूस वासिल श्टेर्नबेर्ग यांचे चित्र होते : वृद्ध गायक आणि त्याला वाट दाखवणारा मुलगा. वाचनालयातील कार्यक्रमाची सुरुवात करायला याहून चांगले चित्र सापडणे कठीण, कारण मुलांच्या वयाचा कोणीतरी त्यात आधीच उभा आहे.

पुढचा भाग कठोर आहे. एप्रिल १८४७ मध्ये सिरिल आणि मेथोडियस बंधुमंडळाच्या प्रकरणात त्यांना अटक झाली. साधा सैनिक म्हणून त्यांना उरल नदीकाठच्या ओर्स्क किल्ल्यावर आणि पुढे कॅस्पियन समुद्राकाठी धाडण्यात आले. शिक्षेच्या आदेशावर झार पहिला निकोलाय याने स्वहस्ते भर घातली : कडक पहारा, आणि लिहिण्यास व चित्रे काढण्यास मनाई. तरीही १८४७ ते १८५० या काळात त्यांनी तळहातावर मावतील अशा वह्या स्वतः शिवल्या आणि त्या बुटाच्या नळीत लपवून कविता लिहिल्या. युक्रेनियन भाषेत त्यांना ‘बुटातल्या वह्या’ अशा अर्थाचेच नाव आहे. सुटका १८५७ मध्ये झाली. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यातील चोवीस वर्षे भूदासपणात आणि दहा वर्षे हद्दपारीत गेली.

त्यांच्या मृत्यूनंतर बंदी माणसावरून भाषेवर गेली. १८६३ च्या व्हालुयेव्ह परिपत्रकाने युक्रेनियन भाषेतील धार्मिक आणि शैक्षणिक पुस्तकांची छपाई रोखली, तर १८७६ च्या एम्स फर्मानाने जवळजवळ सगळेच प्रकाशन बंद पाडले. त्याच १८७६ साली ‘कोबझार’ची विस्तृत आवृत्ती प्राग येथे निघाली. १९१४ मध्ये जन्मशताब्दीच्या जाहीर सोहळ्यांना रशियन सरकारने मनाई केली. सोव्हिएत काळात उलट झाले : पुतळे उदंड उभारले, रस्त्यांना नाव दिले आणि कवीला केवळ शेतकरी-क्रांतिकारक म्हणून साच्यात बसवले. मेंढीच्या कातड्याची टोपी, झुपकेदार मिशा आणि खिन्न नजर ही प्रतिमा तेव्हापासून घट्ट झाली.

हीच प्रतिमा वाचनालयातील बहुतेक कार्यक्रमांचे नुकसान करते. तसबीर, हार, भाषण, पाठांतर आणि समारोप हा क्रम मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको. २७ फेब्रुवारीला आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी तो जसाच्या तसा पार पडतो. शेव्चेन्को गेले तेव्हा पन्नाशीचेही नव्हते, आणि पंचविशीतल्या त्यांच्या आत्मचित्रातला तरुण पाहिला की शाळकरी मुले चकित होतात. म्हणून अनुभवी ग्रंथपाल टोपीवाल्या तसबिरीऐवजी हे आत्मचित्र पुढे ठेवतात. दुसरा उपाय त्याहून सोपा आहे. एक कागद दुमडून, शिवून मुलांनी छोटी वही करावी, तीत चार ओळी लिहाव्यात आणि ती बुटात लपवून चालून पाहावे. बंदी म्हणजे काय, हे मुलांना पाय आखडल्यावर कळते.

कोणती कविता कोणाला, हा प्रश्न मात्र वयाप्रमाणे सोडवावा लागतो. लहानांसाठी घराजवळच्या चेरीच्या बागेतील संध्याकाळीची छोटी कविता युक्रेनमध्ये सर्वमान्य आहे. ती १८४७ मध्ये पीटर्सबर्गच्या कोठडीत लिहिली गेली, हे नंतर सांगावे. आधी मुलांना बाग दिसू द्यावी. ‘कातेरीना’ ही फसवणूक झालेल्या मुलीची कथा किशोरवयीन मुलांसाठी आहे. ‘काव्काझ’ (१८४५) ही कॉकेशसमधील रशियन विजयांवर लिहिलेली जळजळीत कविता मोठ्या विद्यार्थ्यांबरोबर वाचता येते. २०१४ च्या जानेवारीत कीव्हमधील आंदोलनात गोळी लागून मरण पावलेला आर्मेनियन वंशाचा तरुण सेर्ही निगोयान याने त्याआधी कॅमेऱ्यासमोर हीच कविता म्हटली होती. ‘झापोवित’, म्हणजे मृत्युपत्र, ही १८४५ च्या २५ डिसेंबरला आजारपणात लिहिलेली कविता दीडशेहून अधिक भाषांत गेली आहे, आणि तिचे बहुभाषक वाचन हा वाचनालयांचा आवडता कार्यक्रम आहे.

एका बाबतीत सावधगिरी हवी, आणि बुइटनव्हेल्डर्टमध्ये तर अधिकच. ‘हायदामाकी’ (१८४१) हे दीर्घकाव्य १७६८ च्या उठावावर आहे. त्या उठावात उमान येथे हजारो पोलिश आणि ज्यू लोकांची कत्तल झाली. बुइटनव्हेल्डर्ट आणि अ‍ॅम्स्टेलव्हेन येथे ज्यू कुटुंबे, शाळा आणि सिनेगॉग आहेत. त्यांच्या मुलांसमोर हे काव्य निव्वळ वीरगाथा म्हणून वाचणे अन्यायाचे होईल. ते टाळून पुढे जाणेही प्रामाणिक नाही. १८५८ मध्ये एका रशियन नियतकालिकातील ज्यूविरोधी लेखनाचा निषेध करणाऱ्या पत्रकावर शेव्चेन्को यांची सही आहे. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या, तर चौदा-पंधरा वर्षांचे विद्यार्थी स्वतःच वाद घालतात. असा वाद झाला तर कार्यक्रम फसला असे मानू नये.

अ‍ॅम्स्टरडॅमकडे मात्र एक दुवा असा आहे की जो इतर शहरांना सहज मिळणार नाही. शेव्चेन्को व्यवसायाने चित्रकार होते आणि हद्दपारीनंतर त्यांनी अम्लमुद्रणाचे, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापण्याचे, तंत्र हाती घेतले. त्यांचे आदर्श होते रेम्ब्रांट. १८५८ मध्ये रेम्ब्रांटच्या ‘द्राक्षमळ्यातील मजूर’ या चित्रावरून त्यांनी मुद्राचित्र केले, आणि १८६० मध्ये याच कलेसाठी पीटर्सबर्गच्या कला अकादमीने त्यांना ‘अकादमीशियन’ ही पदवी दिली. ज्या घरात रेम्ब्रांटने आपली मुद्राचित्रे छापली ते आज संग्रहालय आहे आणि तेथे अम्लमुद्रणाची प्रात्यक्षिके पाहता येतात. सकाळी वाचनालय, दुपारी ते घर, अशी एका दिवसाची आखणी कोणत्याही शाळेला झेपेल. युक्रेनियन मुलाला त्यात एरवी क्वचित मिळणारी गोष्ट मिळते : त्याचा कवी या शहराला अनोळखी नाही.

मराठी घरांसाठी आणखी दोन धागे. युद्ध सुरू झाले तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थी युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होते. कीव्हचे बोहोमोलेत्स वैद्यकीय विद्यापीठ ज्या हमरस्त्यावर आहे त्याला शेव्चेन्को यांचेच नाव आहे, त्यामुळे अनेकांच्या पत्त्यात हा कवी कविता न वाचताही येऊन गेला होता. दुसरा धागा काळाचा. शेव्चेन्को भूदासांची मुक्ती मागत होते त्याच काळात पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले शाळा चालवत होते. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ १८५४ चा. दोघांची एकमेकांना वार्ता असण्याचे कारण नव्हते, पण शिक्षणाविषयीचा आग्रह सारखाच होता. सावित्रीबाईंचा स्मृतिदिनही १० मार्च, हा योगायोग वाचनालयात दोन्ही पुस्तके शेजारी मांडायला पुरेसा आहे.

शेव्चेन्को यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले शेवटचे पुस्तक कवितासंग्रह नव्हते. जानेवारी १८६१ मध्ये त्यांनी रविवारच्या शाळांसाठी युक्रेनियन भाषेतील बालबोध पुस्तिका स्वखर्चाने काढली. प्रती १०,०००, किंमत तीन कोपेक. तेव्हा ते आजारी होते. पुढच्या दोन महिन्यांत ते गेले. भूदासप्रथा रद्द करणाऱ्या जाहीरनाम्यावर आठवडाभरापूर्वी सही झाली होती, पण त्याची जाहीर घोषणा व्हायला आणखी आठवडा होता.