पॅरानिओप्लास्टिक न्यूरोपॅथी

कर्करोगाच्या गाठीचा दाब किंवा शिरकाव नसतानाही, त्या गाठीमुळे चेतवलेल्या रोगप्रतिकारशक्तीकडून होणारा मज्जातंतूंचा विकार. तो विरळा आहे; पण पुष्कळदा कर्करोग उघडकीस येण्याच्या काही महिने आधीच सुरू होतो, म्हणून तो ओळखता येणे फार मोलाचे ठरते.

यातील संवेदी प्रकाराचे वर्णन डेरेक डेनी-ब्राउन यांनी १९४८ मध्ये फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या दोन रुग्णांवरून केले. फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात हा प्रकार सर्वाधिक आढळतो. एरवी चेतापेशींतच असणारी ‘हू’ प्रथिने या कर्कपेशीही तयार करतात. प्रतिकारशक्ती गाठीवर चालून जाते आणि तिला काही काळ आवरूनही धरते. म्हणूनच गाठ पुष्कळदा लहान राहते आणि सहज दिसत नाही. पण त्याच हल्ल्यात मेरुरज्जूलगतच्या गंडिकांतील संवेदी पेशीही मरतात. रक्तातील हू-विरोधी प्रतिपिंडे ही या विकाराची खूण असली, तरी पेशींचा नाश मुख्यतः टी-पेशी करतात.

मधुमेहातील नेहमीची न्यूरोपॅथी दोन्ही तळपायांत सुरू होऊन वर्षानुवर्षे सावकाश वर सरकते. हा विकार काही आठवड्यांत बळावतो. अनेकदा एकाच हातात आग, चमका, मुंग्या सुरू होतात. कधी चेहरा किंवा धडही सुटत नाही. पुढे बधिरपणा येतो. ताकद बहुधा शाबूत असते, तरी शर्टाचे बटण लावता येत नाही, अंधारात तोल जातो, डोळे मिटले की बोटे आपोआप वळवळतात.

हातपायांना येणाऱ्या मुंग्यांमागे आपल्याकडे मधुमेह, बी-१२ची कमतरता, कुष्ठरोग हीच कारणे कितीतरी अधिक असतात. प्रत्येक मुंगीला कर्करोग समजून घाबरू नये. परंतु झपाट्याने वाढणारी, एकांगी वेदना धूम्रपान करणाऱ्या किंवा वजन घटत चाललेल्या माणसाला होत असेल, तर नुसत्या जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांवर महिने घालवणे घातक आहे.

मज्जातंतूंच्या विद्युत्तपासणीत संवेदी लहरी क्षीण किंवा नाहीशा होतात, चालक लहरी बऱ्याच अंशी टिकून असतात. छातीचा सीटी आणि पेट स्कॅन करतात. गाठ सापडली नाही, तरी प्रतिपिंडे असल्यास दर चार ते सहा महिन्यांनी, निदान दोन वर्षे, तपासणी पुन्हा करावी लागते. मेलेल्या पेशी परत येत नसल्याने गाठीवरील उपचार जितका लवकर, तितकी उरलेली संवेदना वाचण्याची शक्यता अधिक. स्टेरॉइडे व इम्युनोग्लोब्युलिन यांचा उपयोग मर्यादित आहे. वेदनेसाठी गॅबापेंटिन, प्रिगॅबलिन, ड्युलॉक्सेटिन ही औषधे देतात.