निवृत्तीनंतर दुबईतच राहायचं असेल तर कोणता व्हिसा?

खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात असं घर शोधून सापडणार नाही, ज्यातलं कुणी आखातात गेलं नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात गेलेले आता साठीला आलेत. मुलं तिथेच नोकरीला, नातवंडं तिथल्याच शाळेत. मे महिन्यात गावी आलेले हे लोक आम्हा शिक्षकांना कागद वाचून दाखवायला सांगतात आणि विचारतात, "सर, नोकरी संपली, आता तिथे राहायचं कसं?"

पहिली गोष्ट, नोकरीचा व्हिसा नोकरीबरोबर संपतो. तीस वर्षं राहिलात म्हणून मुक्कामाचा हक्क आपोआप मिळत नाही. इथे आपण फक्त यूएईचं बघू, कारण सर्वात जास्त पर्याय तिथे आहेत आणि गोंधळही तिथलाच जास्त.

निवृत्तांसाठीचा खास व्हिसा 5 वर्षांचा असतो, नंतर वाढवता येतो. निवृत्त होताना वय 55 किंवा जास्त हवं, नाहीतर किमान 15 वर्षं काम केलेलं हवं. शिवाय तीनपैकी एक अट पुरी करावी लागते: 10 लाख दिरहमची मालमत्ता, किंवा 10 लाख दिरहमची बचत, किंवा महिन्याला 20,000 दिरहम उत्पन्न. दुबईत हीच उत्पन्नाची अट 15,000 आहे. दुबईच्या योजनेत बचत 3 वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवायची असते. व्याज नको असणाऱ्यांनी इस्लामी बँकेची मुदत ठेव चालेल का, हे अर्जाआधीच विचारून घ्यावं.

आता हिशोब करू. 10 लाख दिरहम म्हणजे दोन कोटी रुपयांहून जास्त. समजा एकाचा मूळ पगार 8,000 दिरहम आणि नोकरी 30 वर्षं. ग्रॅच्युइटी पहिल्या 5 वर्षांना वर्षाला 21 दिवस, पुढे वर्षाला 30 दिवस, म्हणजे एकूण 855 दिवसांची, 2,28,000 दिरहम. पण कायद्याने ती दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त देत नाहीत, म्हणून हाती येणार 1,92,000. तेव्हा "रिटायरमेंट व्हिसा सोपा झालाय" असं कुणी एजंट सांगत असेल तर आधी पासबुक बघा. आमच्या ओळखीतल्या बहुतेकांना ही अट झेपत नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ज्यांच्याकडे 20 लाख दिरहमची मालमत्ता आहे त्यांना 10 वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळू शकतो. त्याचा मोठा फायदा म्हणजे सहा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहिलं तरी तो रद्द होत नाही. साध्या रेसिडेन्सीला हा नियम लागतो. गावी बापाच्या आजारपणात सात महिने अडकून पडलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मात्र घर घेताना दुबईत किमतीच्या 4 टक्के नोंदणी फी आणि दरवर्षीचा सर्व्हिस चार्ज धरा. पेन्शन नसताना तो चार्जच जड जातो.

उरला मुलाच्या नावावरचा व्हिसा. आपल्याकडे हाच जास्त चालतो. तो एकेक वर्षाचा असतो. मुलाचा पगार साधारण 20,000 दिरहम आणि पुरेसं मोठं घर दाखवावं लागतं, अनामत भरावी लागते, आरोग्य विमा घ्यावा लागतो. अब्बा आणि अम्मी दोघांनाही एकत्रच स्पॉन्सर करायचं. एकालाच आणायचं असेल तर दुसऱ्याच्या मृत्यूचा किंवा तलाकचा दाखला लागतो. विम्याच्या फॉर्मवर शुगर, बीपी लपवू नका, नंतर क्लेम अडकतो.

पण या व्हिसाचं खरं दुखणं वेगळं आहे. तो मुलाच्या नोकरीला लटकलेला असतो. मुलाची नोकरी गेली की म्हाताऱ्या आईबापाचाही मुक्काम संपतो. निवृत्त नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या बायकोचंही तेच, फक्त दोरी नवऱ्याच्या नावाची. नवरा वारला की तिचा व्हिसा कोणाच्या नावावर, हा प्रश्न इद्दतच्या चार महिने दहा दिवसांतच समोर येतो. त्यात बँक खातं मृत्यूची खबर मिळताच गोठवलं जातं, सहसा जॉइंट खातंसुद्धा, आणि वारसा ठरवणारा कोर्टाचा कागद येईपर्यंत पैसा निघत नाही. गोल्डन व्हिसात मूळ धारक वारला तरी घरच्यांना आपल्या परवान्याची मुदत संपेपर्यंत राहता येतं. विधवांसाठी 2018 पासून स्पॉन्सरशिवाय एक वर्षाच्या मुक्कामाची सोय आहे. म्हणून आम्ही सांगतो, मियां-बीवी दोघांनी बसून एक प्रश्न आधी सोडवा: आपल्यातलं एक गेलं तर दुसरं कुठे राहणार? बायकोच्या स्वतःच्या नावाने खातं, त्यात काही महिन्यांचा खर्च, एवढं तरी आजच करता येतं.

आणि गावच्या घरी राहून ये-जा करायची असेल तर 5 वर्षांचा मल्टिपल एंट्री टुरिस्ट व्हिसा आहे. एका वेळी 90 दिवस, वाढवून वर्षात जास्तीत जास्त 180 दिवस. बँकेत सहा महिने 4,000 डॉलर शिल्लक दाखवावी लागते. कोणाच्या पगारावर अवलंबून नाही. नातवंडं भेटतात, आंब्याचा मोसमही चुकत नाही.

या ये-जा करण्यात भारतातले दिवसही मोजा. आर्थिक वर्षात 182 दिवस इथे झाले की आयकर खातं आपल्याला रहिवासी धरतं. भारतातलं उत्पन्न 15 लाखांवर असेल तर 120 दिवसांचा नियम लागतो. एनआरई खात्याचं करमुक्त व्याजही अनिवासी असेपर्यंतच. कायमचं परत आल्यावर ते खातं बदलून घ्यायचं असतं. रकमा आणि अटी मध्येच बदलतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात दुबईसाठी जीडीआरएफए आणि बाकी अमिरातींसाठी आयसीपीच्या साइटवर बघूनच पैसे भरा.